रस्त्याचाही हक्क असतो

फ्रान्समध्ये सायकलवर आठ-आठ दिवस हिंडून आलेल्यांची वर्णने वाचली की आपल्याकडचा माणूस म्हणतो, श्रीमंत देशांचे लाड आहेत हे. मोटारीचा आवाज नाही, कडेला द्राक्षांचे मळे, संध्याकाळी एखाद्या खेड्यात मुक्काम. आपल्याला कसे परवडणार?

मला मात्र त्या मार्गांची माहिती वाचताना लाडापेक्षा काटकसर जास्त दिसली. बर्गंडी प्रांतात जिव्री ते क्लूनी हा तिथल्या पहिल्या 'हरित मार्गां'पैकी एक. तो १९९७ साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर तयार झाला. दक्षिणेतल्या कॅनाल द्यू मिदीच्या काठाने आज सायकली जातात. पूर्वी घोडे नावा ओढत जायचे, ती ही वाट. ल्वार नदीकाठचा सायकल मार्ग सुमारे ९०० किलोमीटर लांब आहे. त्यातला बराच भाग म्हणजे पूर अडवणारे जुने बांध आणि फारशी वाहने नसलेले गावरस्ते. तिथे पाट्या लावल्या, गाड्यांचा वेग आवरला, काही तुकडे नव्याने जोडले. २००४ साली अशा मोटारमुक्त वाटांना कायद्यात स्वतंत्र व्याख्या आणि चिन्ह मिळाले. थोडक्यात, टाकून दिलेले आणि दुर्लक्षित रस्ते जपले आणि त्यांना नाव दिले.

हे सगळे आठवायचे कारण आहे थळ.

अलिबागच्या उत्तरेला, पाच-सहा किलोमीटरवर हे गाव. किनाऱ्यावर कोळीवाडा आणि समोर समुद्रात दोन किल्ले. खांदेरी शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतला आणि त्याला शह म्हणून जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी उभारला. मांडवा, सासवणे, आवास, किहीम, नवगाव, थळ, वरसोली, अलिबाग ही किनाऱ्याची ओळ वीस-बावीस किलोमीटरची असेल. मोठ्या गाड्या चोंढीवरून मुख्य रस्त्याने जातात. आतून मात्र वाड्यांच्या कुंपणांमधून, नारळी-पोफळीच्या सावलीतून जाणारे अरुंद रस्ते अजून शिल्लक आहेत. सासवण्याला करमरकरांचे शिल्पालय आहे. नवगावला बेने इस्राएल समाजाची जुनी दफनभूमी आहे. त्यांचे पूर्वज जहाज फुटून इथेच किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. कोळी, आगरी, माळी, मुसलमान, यहुदी अशा सगळ्यांच्या खुणा असलेला एवढा छोटा टापू महाराष्ट्रात फार ठिकाणी सापडणार नाही, आणि तो पाहायला सायकलीइतके सोयीचे वाहन नाही.

पण हे रस्ते किती दिवस शांत राहतील, हा प्रश्न आता पुढे ढकलण्यासारखा नाही. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईची मोटार तासाभरात इथे उतरू लागली. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात खांदेरी आहे. तिथे जाणाऱ्या होड्या थळवरून सुटतात, म्हणजे गर्दी थळलाच येणार. आणि रेवस-करंजा खाडीपूल, त्यापुढे रेवस ते रेड्डी हा सुमारे ५०० किलोमीटरचा सागरी महामार्ग, हे आता कागदावरचे स्वप्न राहिलेले नाही.

या महामार्गाशी नाव जोडले जाते ते बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांचे. १९८० ते ८२ या काळात ते मुख्यमंत्री होते. कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला तोही त्यांच्याच कारकिर्दीत. कोकणी मुसलमानांच्या घरात अंतुल्यांचे नाव आजही आपुलकीने निघते आणि त्यांचे रस्त्यांचे वेड समजण्यासारखे होते. खाडीपलीकडचे गाव डोळ्यांना दिसते पण तिथे पोचायला अर्धा दिवस जातो, हे कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. बाळंतीण, आजारी म्हातारा, परीक्षेला निघालेला मुलगा, सगळ्यांनी भोगले आहे. म्हणून पूल होऊ नये, महामार्ग होऊ नये असे मी म्हणणार नाही. ज्यांना मुंबईत दहा मिनिटांवर इस्पितळ आहे त्यांनी कोकणी माणसाला शांततेचे प्रवचन देऊ नये.

माझे म्हणणे वेगळे आहे. मोठा रस्ता येतोय, म्हणूनच लहान रस्ते वाचवता येतील. आजवर आतला रस्ता रुंद करायला एकच कारण दिले जायचे, गाड्या मावत नाहीत. महामार्गाने गाड्यांची सोय होणार असेल तर ते कारण संपते. मग वाडीतली आंब्याची झाडे तोडून, पायऱ्या फोडून गावरस्ता चौपदरी करायची गरज काय? पण निर्णय आत्ताच झाला नाही, तर महामार्गाची कामे चालू असताना हेच रस्ते डंपरांची पळवाट होतील आणि नंतर शनिवार-रविवारच्या गर्दीची.

'सायकल मार्ग' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हेल्मेट घातलेला, लाखाची सायकल दामटणारा मुंबईकर येतो. त्याच्यासाठी गावाने का झीज सोसायची? प्रश्न बरोबर आहे. पण थळच्या रस्त्यावर रोज कोण असते ते बघा. मासळीची पाटी घेतलेली कोळीण. शाळेत जाणाऱ्या मुली. वाडीवर कामाला निघालेला आदिवासी मजूर. मागे पेटी बांधून पाव विकणारा. फजरच्या नमाजला काठी टेकत निघालेले चाचा. यांच्यापैकी बहुतेक जण पायी किंवा सायकलवर आहेत आणि भरधाव गाडी आली की यांनाच गटारात उतरावे लागते. शांत रस्ता आधी यांचा आहे. पाहुण्या सायकलस्वाराला त्यावर जागा मिळेल, ती यांच्यानंतर.

आणि इथे मला आपल्या लोकांशी थोडे बोलायचे आहे. रस्त्यालाही हक्क असतो, ही कल्पना आपल्याला हदीसमधून मिळालेली आहे. वाटेवर बसणाऱ्यांनी वाटेचा हक्क अदा करावा, असे प्रेषितांनी बजावले. त्यात नजर झुकती ठेवणे आहे, कुणाला त्रास न देणे आहे, सलामाला उत्तर देणे आहे. स्वाराने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा, हाही शिकवलेला अदब आहे. ऐंशीच्या वेगाने काचा लावून जाणारा कुणाला सलाम करणार? जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये वाटसरूही आहे. कुरआनात त्याच्यासाठी शब्द आहे 'इब्नुस्सबील', म्हणजे वाटेचा पुत्र. ज्या परंपरेत वाटसरूला एवढी जागा आहे, तिच्यातली पोरे आखाती देशातून पैसा आला की पहिल्यांदा सायकल भंगारात घालतात आणि चालत जाणाऱ्याला हॉर्न मारतात. सायकल म्हणजे गरिबीची खूण, हे आपण कुठून शिकलो?

मोटारमुक्त रस्त्याचा अनुभव रायगड जिल्ह्याला नवा नाही. माथेरानात मोटारींना बंदी आहे आणि लोक त्यासाठीच तिथे जातात. पण माथेरानचा धडा दुहेरी आहे. मोटार नको म्हणताना तिथे माणसांनी माणसांना ओढणाऱ्या हातरिक्षा कितीतरी वर्षे चालू राहिल्या. त्या बंद करायला २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. पाहुण्यांची शांतता गरिबाच्या पाठीवर लादलेली असेल तर ती नको. म्हणून थळ-किहीमच्या रस्त्यांवर रुग्णवाहिका, मासळीचा टेम्पो, एसटी, गावकऱ्यांच्या गाड्या चालल्याच पाहिजेत, फक्त हळू. अडवायचे आहे ते बाहेरच्या जड वाहनाला आणि बेफाम वेगाला.

धंदा बुडेल, ही भीतीही ऐकू येते. फ्रान्समध्ये सायकल मार्गापासून पाच किलोमीटरच्या आतल्या घरगुती मुक्कामांना एक खास शिक्का मिळतो. अट एवढीच की सायकल सुरक्षित ठेवायला जागा हवी, दुरुस्तीची हत्यारे हवीत आणि माणसाची बरदास्त हवी. सायकलवाल्याला भूक लागते, तहान लागते, तो थांबतो. पांढऱ्या कांद्याची माळ त्याला दिसते. मोटारवाला थेट रिसॉर्टच्या फाटकात शिरतो.

थळच्या शेजारी किहीमला १९३०च्या सुमारास डॉ. सालिम अली राहत होते. हाताला नोकरी नव्हती, वेळ होता. त्या वेळात त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचे जे निरीक्षण केले, त्यावर त्यांचे शास्त्रज्ञ म्हणून नाव झाले. नर अर्धवट घरटे बांधतो, मादी ते तपासून पसंत करते, मगच ते पुरे होते आणि मग तो नर दुसरे बांधायला घेतो, हे त्यांनी तासन्‌तास बसून टिपले. ते काही यंत्रांचे वैरी नव्हते. १९५० मध्ये मोटारसायकल बोटीत घालून युरोपला गेले आणि तीवरून स्वीडनमधल्या पक्षिशास्त्र परिषदेला पोचले. वेगाची आवड असलेल्या माणसालाही सुगरण पाहायला निवांत जागा लागली होती. ती किहीमने दिली.

मागणी फार मोठी नाही. मांडवा ते अलिबाग आतल्या रस्त्यांना शांत मार्ग म्हणून जाहीर करा. ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घाला, जड वाहने बंद करा, रुंदीकरण नको, गावोगाव पाट्या लावा. वाहनांवर निर्बंध घालायची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ मध्ये आहे. रेवस-करंजा पुलावर सायकल आणि पादचाऱ्यांसाठी वेगळी पट्टी हवी. अटल सेतूवर सायकलीला मनाई आहे, कोळ्या-आगऱ्यांच्या खाडीवर तरी ती नसावी.

याची सुरुवात मंत्रालयात होणार नाही. ग्रामसभेत ठराव मांडता येतो आणि त्याला जमातीचा, कोळी समाजाचा, देवस्थानाचा पाठिंबा एकत्र मिळाला तर जिल्हा परिषदेला तो बाजूला सारणे जड जाईल. मशिदींच्या विश्वस्तांनी वुजूच्या नळाशेजारी एक नळ रस्त्याच्या बाजूला काढून द्यावा, कुणीही वाटसरू प्यायला थांबेल असा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.