स्कॅनरचा कोड म्हणजे एफआयआर, निकाल नव्हे

मित्रांनो, आज राजकारण जरा बाजूला ठेवू. आजचा विषय आहे गाडीच्या मीटरवर लागणारा तो पिवळा दिवा. चेक इंजिन लाईट.

विषय किरकोळ वाटत असेल तर आपल्या कळमनुरी तालुक्यात ज्याच्या दारात चारचाकी उभी आहे, त्याला विचारा. पेशंटला घेऊन नांदेडला निघालेली गाडी वारंगा फाट्याच्या अलीकडे बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की आपोआप चालू होते. गॅरेजला नेली की एकदम ठणठणीत. मेकॅनिक स्कॅनर लावतो, स्क्रीन बघतो आणि म्हणतो, "भाऊ, सेन्सर गेला." सेन्सर बदलतो, आपण बिल देतो. आठ दिवसांनी पुन्हा तोच दिवा, पुन्हा तोच रस्ता.

मग आपण म्हणतो मेकॅनिकने लुटलं. मेकॅनिक म्हणतो कंपनीनं गाडीच अशी बनवली. माझं म्हणणं वेगळं आहे. बहुतेक वेळा कुणीच लबाडी केलेली नसते. घोळ होतो तो स्कॅनरवर दिसणाऱ्या कोडचा अर्थ लावताना. आणि अर्थ चुकीचा लागण्यात आपला, म्हणजे ग्राहकाचाही हात आहे.

आम्हा पत्रकारांना पहिला धडा असा मिळतो की एफआयआरमध्ये नाव आलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला नाही. स्कॅनरचा कोड म्हणजे तसाच एफआयआर. उदाहरण घ्या. पी ०३३५ हा कोड क्रँक सेन्सरचा म्हणून सगळ्या गॅरेजवाल्यांना पाठ आहे. पण त्या कोडचा खरा अर्थ 'क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड' असा आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर, तिथून निघालेल्या वायरी, अर्थिंग आणि शेवटी इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम. एवढ्या संशयितांपैकी आपण एकट्या सेन्सरलाच आत टाकतो. पी ०३३९ हा कोड तर उघडच सांगतो की या सर्किटचा सिग्नल अधूनमधून तुटतोय. तरीही बदलला जातो सेन्सरच.

हा सेन्सर करतो काय? क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या चाकाचे दात तो मोजतो आणि इंजिन या क्षणी कुठल्या स्थितीत आहे हे ईसीएमला कळवतो. त्यावरून डिझेल किंवा पेट्रोल कधी सोडायचं ते ठरतं. सिग्नल तुटला की ईसीएम इंधन थांबवतो आणि चालती गाडी रस्त्यातच बंद पडते. काही वेळा सेन्सरच्या आतली बारीक तार गरम झाल्यावर सुटते आणि थंड झाली की पुन्हा जुळते. म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा रोग जास्त छळतो. पण कपलर ढिला असेल, प्रेशरच्या पाण्यानं गाडी धुताना त्यात पाणी शिरलं असेल, वायर घासली असेल किंवा शेडमध्ये उभ्या गाडीची वायरिंग उंदरानं कुरतडली असेल, तरी लक्षण हेच दिसतं.

मग ओळखायचं कसं? पहिली गोष्ट, कोड लगेच उडवायचा नाही. दिवा लागतो त्या क्षणी इंजिनाची अवस्था काय होती, याची एक नोंद ईसीएम करून ठेवतो. तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. आरपीएम किती, वेग किती, पाण्याचं तापमान किती, इंजिनवर लोड किती, हे सगळं त्यात असतं. गाडी तापल्यावर बंद पडते की खड्ड्यात आदळल्यावर, याचा पहिला धागा तिथेच सापडतो. कोड उडवला की ही नोंदही पुसली जाते. पंचनामा होण्याआधी घटनास्थळ धुऊन टाकण्यासारखाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट, लाईव्ह डेटा. गाडी बंद पडलेली असताना स्कॅनर लावून स्टार्टर मारायचा आणि स्क्रीनवर आरपीएम बघायचा. इंजिन फिरतंय आणि आरपीएम शून्यच दाखवतोय, तर सिग्नल येत नाहीये. मग कपलर आणि वायरी हलवून बघायच्या. हलवल्यावर आरपीएम आला तर संशय वायरिंगवर. काही न हलवता थंड झाल्यावरच आला तर संशय सेन्सरवर. त्यानंतर मल्टिमीटरनं खात्री करायची आणि मगच पार्ट बदलायचा.

तिसरी गोष्ट, एकाच वेळी तीन-चार सेन्सरचे कोड आले तर सावध व्हा. तीन-चार सेन्सर एकाच दिवशी जात नाहीत. बऱ्याच सेन्सरना ईसीएमकडून पाच व्होल्टचा पुरवठा मिळतो आणि तो अनेकदा सामाईक असतो. त्यात कुठे शॉर्ट झाला, अर्थिंग गंजलं किंवा बॅटरीच कमजोर असली, तर निर्दोष सेन्सरही आरोपी ठरतात.

माझ्या ओळखीतल्या एकाच्या गाडीत क्रँक सेन्सर दोनदा बदलला गेला. पहिल्यांदा गावात, दुसऱ्यांदा मोठ्या शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये. शेवटी एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियननं इंजिनजवळची वायर हातानं चाचपत नेली आणि ब्रॅकेटला घासून उघडी पडलेली जागा शोधली. टेप, स्लीव्ह, एक क्लिप. पार्टचा खर्च जवळपास नाहीच. त्या म्हाताऱ्यानं दीड तासाचे पैसे मागितले, तर आमचे हे मित्र म्हणाले, "एवढं काय केलं? नुसती टेप तर मारली!"

दुखणं इथेच आहे, बघा. आपण पार्टचे पैसे निमूट देतो, पण रोग शोधण्याचे पैसे द्यायला आपला हात पुढे येत नाही. मग मेकॅनिकनं दोन तास वायरी का तपासाव्यात? पार्ट बदलला की त्याचं घर चालतं. डॉक्टरला तपासणी फी देतो ना आपण? मग गाडीच्या डॉक्टरलाही द्या. दोन चुकीच्या सेन्सरपेक्षा ती नक्कीच स्वस्त पडेल.

आता सरकार आणि कंपन्यांकडे वळू. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. तेव्हापासून गाड्यांमधले सेन्सर आणखी वाढले आणि साध्या मोटारसायकलीतही कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. ज्यानं पंचवीस वर्षं कानानं आवाज ऐकून गाड्या दुरुस्त केल्या, त्याच्या हातात एकदम स्कॅनर आला. ब्लूटूथवाला छोटा रीडर हजाराच्या आत मिळतो, पण तो मूळ कोड दाखवण्यापलीकडे फार जात नाही. सगळ्या कंपन्यांना चालणारा चांगला स्कॅनर घ्यायचा तर किंमत लाखाच्याही पुढे जाऊ शकते. आणि वायरिंगचा नकाशा? तो मिळवतानाच छोट्या गॅरेजवाल्याची दमछाक होते.

हा अन्याय आहे, हे मी एकटा म्हणत नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, हा त्यांच्यावरचा ठपका. ती उपलब्ध करून द्या, आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगानं बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं 'राईट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१२ मध्येच कायदा करून कार कंपन्यांना दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना योग्य किमतीत द्यायला लावली. आपल्याकडे हे का होऊ नये?

माझी मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये चालू गॅरेजवाल्यांसाठी संध्याकाळचा छोटा वर्ग सुरू करा. स्कॅनर, मल्टिमीटर आणि वायरिंगचा नकाशा वाचणं, एवढंच शिकवा. एक चांगला स्कॅनर तिथे ठेवा आणि तासावर भाड्यानं द्या. लोकप्रतिनिधींच्या निधीतून गावोगावी कमानी उभ्या राहतात, त्यात एक स्कॅनर बसायला हरकत नसावी.

तोपर्यंत आपण काय करायचं?

१. दिवा लागला की तारीख, वेळ, गाडी गरम होती की थंड, हे मोबाईलमध्ये लिहून ठेवा.
२. कोड उडवण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा, फ्रीज फ्रेमसह.
३. "सेन्सर गेला" म्हटलं की शांतपणे विचारा, "वायरिंग आणि कपलर तपासला का?"
४. कोड बिलावर लिहून घ्या आणि काढलेला जुना पार्ट परत मागा.
५. तपासणीची मजुरी घासाघीस न करता द्या.
६. सरळ फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन करा.

आपल्या भागातून हिंगोली-नांदेडला जाणारी गाडी हौसेची कमी आणि गरजेची जास्त असते. तिच्यात बाळंतीण असते, हळदीचे पैसे आणायला निघालेला शेतकरी असतो, परीक्षेला चाललेलं लेकरू असतं. म्हणून गावातला मेकॅनिक हुशार होणं हे त्याच्या एकट्याच्या भल्याचं नाही, सगळ्या तालुक्याच्या भल्याचं आहे.

तुमचा अनुभव कमेंटमध्ये जरूर लिहा. फक्त कुठल्या गॅरेजचं नाव घेऊन बदनामी करू नका. रोग कसा सापडला ते लिहा, दुसऱ्या कुणाचे तरी चार पैसे वाचतील.