अंदाज देशाचा, पेरा आपल्या रानाचा

एप्रिल उजाडला की हवामान खात्याचा आकडा येतो आणि पारावर दोन तट पडतात. एकजण म्हणतो, 'सरकारचा अंदाज आहे, धूळवाफ उरकून घ्या.' दुसरा म्हणतो, 'ह्यांचं कधी खरं झालंय?' दोघांचेही चुकते. तो आकडा सबंध देशात जून ते सप्टेंबर मिळून पडणाऱ्या पावसाचा असतो. मलकापुरात कधी पडणार, हे त्यात नसतेच.

२००२ साल आठवा. वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने १९८८ पासून वापरात आलेल्या सोळा घटकांच्या सूत्राने पाऊस सरासरीइतका सांगितला. देशात तूट आली १९ टक्के. जुलैत तर जेमतेम निम्मा पाऊस झाला. मागच्या वर्षांचे ताळे जमवून ते सूत्र केलेले होते. पुढे २०१२ पासून 'मान्सून मिशन'मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने समुद्र आणि हवा यांचे गणित एकत्र मांडणारे मॉडेल बसवले.

एकत्र कशासाठी? समुद्र आणि हवा हे एका जुवाखालचे दोन बैल आहेत. समुद्र तापला की वाफ वाढते, ढग येतात. पण ढग दाटले की ऊन अडते, वारा सुटला की खालचे गार पाणी वर येते आणि तोच समुद्र निवतो. पूर्वीच्या बऱ्याच मॉडेलांत समुद्राचे तापमान आधीच ठरवून दिलेले असे. म्हणजे एक बैल खुंट्याला बांधून नांगरट! आताची मॉडेले प्रशांत महासागरातला 'एल निनो' काही महिने आधी बऱ्यापैकी ओळखतात. मात्र अरबी समुद्र खऱ्यापेक्षा गार धरायची त्यांतल्या अनेकांची खोड गेलेली नाही. मग आपल्याकडचा पाऊस कागदावर कमी दिसतो. शिवाय एल निनो म्हणजे दुष्काळच, असेही नव्हे. १९९७ ला तो जबर असूनही देशात पाऊस सरासरीहून किंचित जास्तच झाला. २०२३ चा ऑगस्ट मात्र १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला.

आता आपला तालुका बघा. आंबा घाटात कोसळणारा पाऊस बांबवड्याला येईतो कितीतरी उणावतो, आणि अंतर चाळीस किलोमीटरसुद्धा नाही. हंगामी मॉडेलचा एक चौकोन सुमारे ३८ किलोमीटरचा. त्याला दोन्ही गावे एकाच रानातली. रोजच्या अंदाजासाठी मे २०२५ मध्ये आलेल्या नव्या प्रणालीने चौकोन १२ वरून ६ किलोमीटरवर आणला, ही मोठी मजल आहे.

त्याच मेमध्ये मान्सून २४ तारखेला केरळात आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात आला. ढेकूळ सुकायला उसंत नाही, तिथे धूळवाफ कुठली? २०२३ ला उलटे झाले: ११ जूनला दक्षिण कोकणात आलेला मान्सून राज्यभर पोचायला २५ जून उजाडला. अशा वर्षी धुळीत टाकलेले भात पाखरांचे आणि मुंग्यांचे, आणि दुबार पेरणीचा भुर्दंड आपला.

म्हणून हंगामाचा आकडा वाण निवडायला आणि गावाच्या पाण्याचा हिशेब मांडायला वापरा. पेरणीचा दिवस त्यावरून काढू नका. त्यासाठी पाच दिवसांचा अंदाज आहे. ऑक्टोबर २०२४ पासून तो ग्रामपंचायतनिहाय 'मेरी पंचायत' अ‍ॅपवर येऊ लागला. सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी तो रोज फळ्यावर लिहावा, शेजारी मंडलाच्या पर्जन्यमापकावरचा प्रत्यक्ष पाऊसही लिहावा. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टीची नोंद याच मापकावरून होते, त्यामुळे तो आकडा गावाच्या नजरेखाली असलेला बरा. दोन हंगाम हे केले तर अंदाज आपल्या शिवारात किती उतरतो, ते पुण्याला विचारावे लागणार नाही. येत्या रोहिणीला सुरुवात करायला खडू आणि फळा पुरे.