पिलाआधी आई पाहावी

कॅव्हेलियर स्पॅनियल आणि पूडल यांच्या संकरातून जन्मलेल्या ‘कॅव्हापू’ या चिमुकल्या कुत्र्याचे अलीकडच्या वर्षांत इंग्लंडला मोठे वेड लागले आहे. संकरित म्हणजे निरोगी, ही ग्राहकाची भाबडी समजूत. विक्रेत्यास ती सोयीचीच! वस्तुतः कॅव्हेलियरच्या वंशात हृदयाच्या झडपेचा विकार मुरलेला आहे आणि संकराने तो हमखास टळतो असे नाही. तेव्हा आईबापांच्या तपासणीचे कागद मागणे हा संशयखोरपणा नव्हे.

वेल्समधील एका पैदासकेंद्रातून २०१३ मध्ये सुटका झालेली ल्यूसी ही कॅव्हेलियरच. पिंजऱ्यात वेतामागून वेत काढून तिचे शरीर मोडले होते. २०१६ मध्ये ती मेली. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून अमलात आला. सहा महिन्यांखालील पिलांच्या दलालीस त्याने बंदी केली. पैदास करणाऱ्याने पिलू जन्मस्थानी, आईसह दाखवूनच विकावे, असा दंडक पडला.

त्यावरही शक्कल निघालीच. भलतीच कुत्री आई म्हणून समोर बसविली जाते! निरीक्षक घरोघर पोहोचणे अशक्य. ग्राहकाने मात्र घटकाभर थांबून पाहावे: पिले तिला लुचतात, की ती त्यांना हुसकावते? आणि पिलू वाटेत आणून देऊ म्हणणाऱ्यास आगाऊ रक्कम देण्याचे तर कारणच नाही.