आवाज कुठं अडला?

बालदोस्तांनो,

मागच्या अंकात आपण सायकलची चेन उतरली तर काय करायचं ते पाहिलं. हात काळे झाले ना? होऊ द्यात. काळे हात धुता येतात. आज मात्र हात काळे करायचे नाहीत, फक्त डोकं आणि कान वापरायचे आहेत. आज मी तुम्हांला आमच्या शाळेच्या जुन्या लॅपटॉपची गोष्ट सांगणार आहे. यात माझीही एक चूक आहे. तीही सांगते, लपवत नाही.

आमची शाळा लहान. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि दारात कडुलिंब. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानं नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना आम्हांला दिला. एक बटण निखळलेलं, बॅटरी अर्ध्या तासात दमणारी. पण मुलांचा भारी लाडका. यंदा चौथीच्या मुलांनी त्यावर एक श्रुतिका ध्वनिमुद्रित केली. श्रुतिका म्हणजे नुसतं ऐकायचं नाटक. पावसाचा आवाज ताटात तांदूळ ओतून, घोड्याच्या टापा नारळाच्या करवंट्या आपटून. सोमवारच्या पालकसभेत ती सगळ्यांना ऐकवायची होती.

या श्रुतिकेत पोस्टमनचं काम करणारा एक मुलगा आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण त्यानंच ‘नको’ म्हटलंय. बोलताना तो अडखळतो. पहिला शब्द तोंडातून निघता निघत नाही, म्हणून वर्गात तो गप्पच असतो. पण ध्वनिमुद्रणात घाई नसते ना! त्यानं एकेक वाक्य चार चार वेळा म्हटलं, आणि पोस्टमन असा काही झकास उभा राहिला की आम्ही सगळे बघतच राहिलो. शुक्रवारी शाळा सुटल्यावर तो हळूच म्हणाला, “बाई, ए-एकदा ऐकू?” मी त्याला इअरफोन दिला. कोपऱ्यात बसून त्यानं स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा ऐकला.

शनिवारी सकाळची शाळा. कवायत झाली, लॅपटॉप लावला, श्रुतिका सुरू केली. पडद्यावर रेघ पुढं सरकतेय, पण आवाज नाही! बालगीत लावलं. तेही गप्प.

“बाई, काल यानंच घेतला होता!” एकजण ओरडला.

“हो बाई, यानं कानातलं खुपसलं होतं त्यात!” दुसरीनं साथ दिली.

आणि दोस्तांनो, मीसुद्धा विचार न करता म्हणाले, “काय केलंस रे तू?”

त्याला उत्तर द्यायचं होतं. पण शब्द अडला. त्यानं मान खाली घातली. वर्ग शांत झाला, आणि ती शांतता मला टोचली. मी काहीही तपासलं नव्हतं, तरी निकाल देऊन मोकळी झाले होते!

मी खडू घेतला. म्हटलं, “थांबा. कुणी बिघडवला ते नंतर. आधी आवाज कुठं अडलाय ते शोधू.”

आवाजाची एस. टी.

फळ्यावर मी एस. टी.चा मार्ग काढतात तसा आवाजाचा मार्ग काढला. लॅपटॉपमध्ये आवाज हा आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. सीडीवरच्या गाण्यात एका सेकंदाला, एका बाजूसाठी, तब्बल ४४,१०० आकडे असतात! हे आकडे असा प्रवास करतात:

पहिला थांबा, ध्वनिफीत, म्हणजे आपली फाइल. दुसरा, ती वाजवणारा प्रोग्रॅम. तिसरा, विंडोजसारखी कार्यप्रणाली. चौथा, ड्रायव्हर. हा गाडी चालवणारा नव्हे बरं का! कार्यप्रणाली आणि यंत्र यांच्यामधला हा दुभाष्या. पाचवा, आवाजाची चिप. ती आकड्यांचं रूपांतर कमी-जास्त होणाऱ्या विजेत करते. मग ॲम्प्लिफायर त्या विजेला जोर देतो. शेवटचा थांबा स्पीकर. त्यात चुंबकाजवळ तारेचं एक वेटोळं असतं. वीज येते तसं ते पुढं-मागं हलतं, त्याला चिकटलेला पडदा हलतो, पडद्यानं हवा हलते आणि आपल्याला ऐकू येतं.

एस. टी. आली नाही तर आपण काय करतो? अलीकडच्या गावाला फोन करून विचारतो, “तिथून सुटली का?” अगदी तसंच करायचं. नियम तीनच. सोपं आधी तपासायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि जे केलं ते वहीत लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज आला, तर कशामुळं आला ते कळणारच नाही!

पहिली तपासणी: फाइल ठीक आहे का? केबल जोडून फाइल माझ्या मोबाइलमध्ये घेतली आणि लावली. तांदळाचा पाऊस पडला, घोडा दौडला! म्हणजे श्रुतिका सुखरूप. पोस्टमननं पहिल्यांदा मान वर केली.

दुसरी तपासणी: आवाज बंद तर केलेला नाही? हसू नका, पुष्कळदा इथंच घोडं अडतं. वरच्या ओळीतल्या एका बटणावर फुली मारलेला कर्णा असतो. त्यावर बोट पडलं की आवाज बंद. पडद्याच्या कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रावर फुली आहे का पाहायचं. आमच्याकडं फुली नव्हती.

तिसरी तपासणी: आवाज कुठपर्यंत पोचतोय? कर्ण्याच्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबून ‘व्हॉल्यूम मिक्सर’ उघडला. तिथं प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो. श्रुतिका लावली आणि काय गंमत! तिथली हिरवी पट्टी वर-खाली नाचत होती. म्हणजे आवाज प्रोग्रॅममधून निघून कार्यप्रणालीपर्यंत पोचला होता. एस. टी. दोन गावं ओलांडून आली होती!

चौथी तपासणी: आवाज भलतीकडं तर चालला नाही? लॅपटॉपला आवाज बाहेर काढायच्या अनेक वाटा असतात. अंगचा स्पीकर, इअरफोन, ब्लूटूथचा स्पीकर, टीव्हीला जाणारी एचडीएमआय केबल. कधी कधी आवाज शेजारच्या खोलीतल्या ब्लूटूथ स्पीकरवर वाजत असतो आणि आपण लॅपटॉपला धपाटे घालत बसतो! आम्ही कर्ण्याच्या चित्रावर क्लिक केलं. वाट कोणती निवडली आहे ते तिथं दिसतं. पुढं बसलेल्या मुलीनं अक्षर लावून वाचलं, “हे... ड... फोन.”

“पण बाई, हेडफोन तर लावलेलाच नाही!”

शाब्बास! धागा हाती लागला.

पाचवी तपासणी: पोस्टमनलाच पुढं बोलावलं. म्हटलं, “लाव इअरफोन.” त्यानं लावला, कानाला धरला आणि त्याचे डोळे चमकले. इअरफोनमध्ये आवाज येत होता! याचा अर्थ काय? ड्रायव्हर ठीक, चिपही ठीक. इअरफोन काढला तर पडद्यावर अजूनही ‘हेडफोन’च. वायर काढली तरी लॅपटॉपला वाटतंय की ती आतच आहे!

भोकातली पट्टी

असं का व्हावं? इअरफोनचं भोक ३.५ मिलिमीटरचं असतं. त्याचा थोरला भाऊ ६.३५ मिलिमीटरचा. तो एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरात आला. तेव्हा तिथं बसलेली माणसं हातानं वायरी खुपसून एकाचा फोन दुसऱ्याला जोडून देत.

अनेक लॅपटॉपमध्ये या भोकाच्या आत एक लवचीक धातूची पट्टी असते. पिन आत गेली की पट्टी ढकलली जाते आणि चिपला निरोप जातो, “कानातलं आलं, स्पीकर बंद करा!” पिन काढली की पट्टी जागेवर येते आणि स्पीकर पुन्हा सुरू होतो. फ्रिजचं दार उघडलं की दिवा लागतो ना? तिथंही दाराजवळ असंच एक बटण असतं. आमची पट्टी अडकली होती. पिन काढल्यावरही ती जागेवर आली नव्हती.

मग लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला. रंगकामाचा एक कोराकरकरीत, कोरडा, बारीक ब्रश घेतला आणि भोकाच्या तोंडाशी हलकेच फिरवला. लॅपटॉप तिरका धरून रबरी फुग्याच्या पंपानं हवा मारली. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. टाचणी, सुई, तार तर मुळीच घालायची नाही. पट्टी वाकली की कायमचा घोटाळा! मग इअरफोनची पिन सरळ आत-बाहेर, सरळ आत-बाहेर, अशी दहा वेळा केली. मुलं मोठ्यानं मोजत होती.

टेबलावर काय पडलं असेल? पांढरी भुकटी! खडूची!

सगळ्यांनी टेबलाकडं पाहिलं. लॅपटॉप रोज कुठं असतो? फळ्याच्या बरोब्बर खाली. आणि रात्री? माझ्या कपाटात, डस्टरच्या शेजारी. तिथं कोण ठेवतं? मी!

लॅपटॉप सुरू केला. श्रुतिका लावली. आणि खोलीभर आवाज घुमला, “पत्र आलंय हो, पत्र!” आमचा पोस्टमन बोलत होता, कुठंही न अडता. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मी टाळ्या थांबू दिल्या. मग सगळ्यांसमोर म्हणाले, “मी न तपासता तुला बोलले. चूक माझी होती. माफ कर.” ज्यांनी बोट दाखवलं होतं, तेही खाली बघू लागले. तो काही क्षण गप्प राहिला. मग सावकाश म्हणाला, “बाई, ड-डस्टर आता खि-खिडकीत ठेवा.” आम्ही सगळे हसलो, आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला.

सोमवारी पालकसभेत त्याचे वडील मागच्या रांगेत बसले होते. पोस्टमनचा आवाज आला तेव्हा ते उठून पुढच्या रांगेत आले. पुढचं मी सांगत नाही. तुम्हीच कल्पना करा.

तुमच्या लॅपटॉपचं दुखणं निराळं असेल तर...

● आवाज फरफरत येतो? इअरफोन लावून बघा. त्यात स्वच्छ आला तर स्पीकरचा पडदा फाटला असेल किंवा त्यात कचरा असेल. इअरफोनमध्येही फरफर असेल तर दोष आधीच्या एखाद्या थांब्यावर आहे.

● एकाच कानात येतो? दुसरा इअरफोन लावून बघा. पहिल्याचीच वायर आतून तुटलेली असू शकते. नाहीतर डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल बिघडलाय का ते सेटिंगमध्ये पाहा.

● इअरफोनमध्येही नाही, स्पीकरमध्येही नाही? आधी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा. मग मोठ्यांच्या मदतीनं ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. आवाजाच्या नावापुढं पिवळी खूण असेल तर दुभाष्या रुसलाय. नवा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून, मॉडेलचा नंबर पाहून घ्यायचा. ‘फुकट ड्रायव्हर’ म्हणून कुठूनही उतरवून घेतलं तर चोर घरात घ्याल!

● थोड्या मोठ्या मुलांसाठी: पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करता येतं, लॅपटॉपवर काहीही न बसवता. लिनक्समध्ये आवाज आला तर यंत्र ठणठणीत आहे, गडबड विंडोजमध्ये आहे.

● चिपच गेली असेल तरी लॅपटॉप भंगारात देऊ नका. यूएसबीत खोचायचं आवाजाचं छोटं ॲडॉप्टर मिळतं. त्यात स्वतःची चिप असते. त्याला इअरफोन किंवा बाहेरचा स्पीकर जोडला की काम झालं.

आणि एक ताकीद! लॅपटॉप स्वतः उघडायचा नाही. त्याचं पोट फुगलेलं दिसलं तर ती बॅटरी असू शकते. लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबू नका आणि मोठ्यांना सांगा.

करून पाहा

फुगा फुगवा. दोन्ही तळहातांत हलकेच धरा आणि वाजत्या रेडिओच्या किंवा टीव्हीच्या स्पीकरसमोर न्या. तळहाताला काय जाणवतं? आवाज लहान-मोठा केल्यावर काय बदलतं? वहीत लिहा.

सांगा पाहू!

एका ताईच्या लॅपटॉपवर गाणी छान ऐकू येतात. इअरफोनमध्येही आणि स्पीकरवरही. पण एका खेळाचा आवाज मात्र मुळीच येत नाही. खेळातल्या सेटिंगमध्ये आवाज पूर्ण मोठा आहे. आवाजाची एस. टी. कुठं अडली असेल? वरची तिसरी आणि चौथी तपासणी पुन्हा वाचा. उत्तर पुढच्या अंकात.

तोवर काही बिघडलं, तर “कुणी केलं?” असं विचारण्याआधी “कुठं अडलं?” असं विचारा. मीही तेच शिकतेय.

तुमची,
बाई