सडा ओसाड नसतो

बेळगावहून सावंतवाडीस जाताना आंबोलीचा घाट लागतो. गेल्या पावसाळ्यात विद्यार्थ्यांसह आम्ही तेथे गेलो असता रस्त्याकडेला एक फलक दिसला : 'बंगल्यांसाठी प्लॉट विकणे आहे'. मागे जंगलाच्या कडेला नुसता उघडा कातळ. आमच्यापैकी एकाने भावही विचारला, हे कबूल केले पाहिजे. कातळावर झाड नाही म्हणजे तो रिकामा, हाच हिशेब विकणाऱ्याचा आणि आमचाही. तो चुकीचा आहे, असे आता आमचे स्पष्ट मत झाले आहे.

हा डोंगर अग्नीतून जन्मला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर थिजून सह्याद्रीचा काळा पाषाण तयार झाला. पुढे ऊनपावसाने आंबोलीच्या माथ्यावर त्याचाच जांभा घडविला. आमच्या कोंकणीत अशा माळाला 'सडो' म्हणतात. सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी पोटात घेतो व झऱ्यांवाटे सावकाश परत देतो. आंबोलीस उगम पावणारी हिरण्यकेशी संकेश्वरावरून वाहत घटप्रभेला मिळते. म्हणजे तेथील पाऊस आपल्याच जिल्ह्यातील शेते भिजवितो.

२००९ साली शास्त्रज्ञांनी नव्याने नोंदविलेला आंबोलीचा भेक याच कातळावरील ओंजळभर पाण्यात अंडी घालतो. २०२० साली हिरण्यकेशीच्या उगमापाशी माशाची एक नवी जात आढळली आणि २०२१ साली ते स्थान जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु कुंड राखावे आणि त्याला पाणी पुरविणारा डोंगरमाथा सिमेंटने झाकावा, हे म्हणजे रांजण जपून विहीर बुजविणे होय.

'मग माणसांनी राहावे कोठे?' असे कोणी विचारील. आमचा आक्षेप गावकऱ्यांच्या घरांना नाही. त्यांना घरही हवे आणि रोजगारही. आक्षेप आहे तो वर्षातून चार दिवस उघडणाऱ्या आणि एरवी कुलपात राहणाऱ्या हौशी बंगल्यांना. पाहुण्याने गावात उतरावे, गावकऱ्याच्या घरचे जेवावे, दाम मोजावे आणि डोंगर डोंगराला ठेवून परतावे.

विद्यार्थी मित्रहो, पुढल्या सहलीत सड्यावरच्या एखाद्या डबक्याशी क्षणभर ओणवे होऊन पाहा. मग तो रिकामा आहे की नाही, ते तुम्हीच घरी जाऊन वडीलधाऱ्यांना सांगा.