कबड्डी पंचांचे मागणीपत्र

प्रति,
जिल्हा संघटनेचे पदाधिकारी व स्पर्धा भरवणारी सर्व मंडळे,



७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊची आशियाई स्पर्धा. भारत-इराण अंतिम सामना २८-२८ असताना भारताचा पवन सेहरावत चढाईत कोणालाही न शिवता राखीव क्षेत्रात गेला, पाठोपाठ इराणचे बचावपटूही गेले. गुण कोणाला? जुना नियम लावायचा की नवा, यावरून निर्णय बदलत राहिले आणि खेळ जवळपास तासभर थांबला. भारत ३३-२९ असा जिंकला, आनंद आम्हालाही झाला. पण तिथल्या पंचांच्या जागी आम्ही स्वतःला पाहत होतो. म्हणून पहिली मागणी नियमांचीच आहे: प्रत्येक स्पर्धेला कोणते नियम लागू, हे मराठीत, लेखी, सामन्यांआधी पंच आणि दोन्ही प्रशिक्षकांच्या हाती द्यावे.

चांगला पंच हवा, असे सगळेच म्हणतात. त्याचे काम जवळून पाहा. चढाईपटू बोनस रेषा ओलांडतो तेव्हा मागचा पाय हवेत होता का, समोर किमान सहा जण होते का, दम तुटला का, हे त्याने एका क्षणात टिपायचे असते. त्यासाठी तो आधीच योग्य जागी पोहोचलेला असावा लागतो. ही जाण लेखी परीक्षेतून येत नाही. अनुभवी पंचांसोबत मैदानावर उभे राहूनच येते. तेव्हा परीक्षा पास झालेल्या नव्या पंचाला एक पूर्ण मोसम ज्येष्ठांच्या जोडीने काम द्यावे आणि दरवर्षी उजळणी शिबिर घ्यावे.

दमलेले डोळे पाय पाहू शकत नाहीत. प्रकाशझोतातल्या स्पर्धेत पहाटेपर्यंत तेच चार पंच उभे असतात. सलग दोन सामन्यांनंतर विश्रांती सक्तीची करावी. प्रेक्षकांचा दोर मैदानापासून लांब बांधावा. महिला पंचांना कपडे बदलायला खोली आणि रात्री घरी सोडायला वाहन मिळावे. यावर चर्चेची गरजच नाही.

मानधन त्याच दिवशी, अंतिम सामना सुरू होण्यापूर्वी द्यावे. आमच्यातल्या एका सहकाऱ्याला यजमान संघ हरल्यावर ‘नंतर बघू’ म्हणून रिकाम्या हाती परत पाठवले गेले. पुढच्या सामन्यात त्याची शिट्टी अडखळली, तर दोष कोणाचा?

आता आमच्यावरच्या अटी. स्वतःच्या गावाच्या किंवा क्लबच्या सामन्यात कोणीही पंच उभा राहू नये. नेमणुका सामन्याच्या दिवशी चिठ्ठ्या टाकून व्हाव्यात. प्रत्येक सामन्यात एका ज्येष्ठाने आमचे मूल्यमापन करावे आणि वारंवार चुकणाऱ्याला पुन्हा शिबिरात पाठवावे. हे आम्ही आनंदाने स्वीकारतो. मूल्यमापनाच्या तक्त्याचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यातला पहिला रकाना ‘पंच योग्य जागी होता का’ हा आहे.

मोसमातल्या पहिल्या स्पर्धेपूर्वी बैठक बोलवावी, ही विनंती.

आपले,
जिल्ह्यातील कबड्डी पंच