वळूची खरी पारख

माळेगावच्या यात्रेंत लाल कंधारीचा रंग व देवणीचें वशिंड पारखण्यांत आमच्या शेतकरी बंधूंचा हात कोणी धरणार नाहीं. परंतु वंश ज्यावर चालतो त्या अधिवृषणाकडे कोणाचेंच लक्ष नसतें, ही आमच्या मतें मोठी चूक होय.

वृषणांत शुक्राणु घडण्यास सुमारें ६१ दिवस लागतात. तरीही तो अपक्वच असतो. वृषणास चिकटलेल्या अधिवृषणाचें शीर्ष, मध्य व पुच्छ असे तीन भाग आहेत. त्यांतून सुमारें १० दिवस प्रवास केल्यावरच त्यास पोहण्याचें व फलनाचें सामर्थ्य येतें. तिन्ही भागांत जनुकें तींच. पण प्रत्येक ठिकाणीं निरनिराळीं जागीं होतात. दप्तर एकच असून प्रत्येक कारकुनानें आपल्यापुरताच कागद उघडावा, तसें हें आहे. पुच्छांत तयार शुक्राणूंचा सांठा राहतो.

म्हणून वैशाखांत तापानें आजारी पडलेल्या वळूचें वैगुण्य आषाढांतही दिसूं शकतें. पुच्छांत गांठ अथवा सूज असल्यास डौलदार वळूही निष्फळ ठरूं शकतो. विकत घेण्यापूर्वीं पशुवैद्याकडून चांचपणी करवावी, व एकाच वळूस रोज गाईमागून गाय दाखवूं नये.

उत्तम गोऱ्हा औतासाठीं खच्ची करावयाचा व उरलासुरला वळू म्हणून सोडावयाचा, ही रीत मात्र सर्वांत घातक. गांवानें पहिला गोऱ्हा वंशासाठीं राखावा, दुसरा औतास जुंपावा. नाहीं तर पत्रकांत जनावरांची संख्या भरेल, पण कंधारी व देवणी नांवापुरतींच उरतील.